अँग्रॉनला मारावं की घास देत राहावं?

वॉरहॅमर 40,000 या टेबलावरच्या युद्धखेळात समोरच्याने वर्ल्ड ईटर्सची फौज मांडली आणि मध्ये त्यांचा राक्षसी सेनापती अँग्रॉन उभा केला, की दोनच वाटा उरतात. सगळ्या तोफा त्याच्यावर वळवायच्या, नाहीतर लहान तुकड्या पुढे टाकून त्याला गुंतवून ठेवायचं आणि डाव इतरत्र खेळायचा. स्पेस मरीन ही माझी फौज घेऊन मी दोन्ही करून पाहिलं आहे. आकडे 2023 च्या इंडेक्समधले, म्हणजे तेव्हाच्या नियमयादीतले आहेत; नव्या नियमांनी खेळत असाल तर एकदा पडताळून घ्या.

मारण्याची ओढ मला अजूनही वाटते. पण टफनेस (चिवटपणा) 11, वुंड्स (मरण्याआधी सोसायच्या जखमा) 16 आणि 4+ इनव्हल्नरेबल, म्हणजे फाशावर 4 किंवा जास्त पडले की कितीही भेदक वार वाया. लासकॅनन या रणगाडाभेदी तोफेचा एक शॉट 3+ वर लागतो, 3+ वर वुंड करतो, त्यातले निम्मे सेव्ह होतात. उरलेल्या शॉटचं नुकसान धरून सरासरी काढली तर एका शॉटमागे एक वुंड. म्हणजे 16 शॉट. चुकलेले हिट पुन्हा टाकता आले तरी 12.

हेही जमतं. मी दुसऱ्या राउंडला त्याला पाडलं होतं. पण वर्ल्ड ईटर्स दर राउंडच्या सुरुवातीला आशीर्वादाचे 8 फासे टाकतात, आणि त्यात तीन सहा आले की मेलेला अँग्रॉन परत येऊ शकतो. तिसऱ्या राउंडला मित्राने ते फासे टाकले, तीन सहा आले आणि अँग्रॉन परत टेबलावर. माझ्या दोन टर्नची सगळी आग वाया गेली होती, आणि तेवढ्या वेळात एटबाउंड, म्हणजे त्याच फौजेतले जवळून लढणारे कडवे योद्धे, एकही जखम न होता माझ्या अंगावर आले होते. ते दृश्य डोक्यातून जाईना, म्हणून घरी हिशेब केला. 8 फाशांत किमान तीन सहा पडण्याची शक्यता साडेतेरा टक्के. एका राउंडला ती किरकोळ वाटते. पण डाव पाच राउंडचा; दुसऱ्या राउंडला मारलं तर पुढे तीन संधी उरतात, मिळून 35 टक्के. चौथ्या राउंडला मारलं तर एकच. लवकर मारणं महाग पडतं, हे मला तिथे कळलं.

दुसऱ्या वाटेला मेहनत जास्त आहे. त्याची चाल 14 इंच, वर चार्ज, म्हणजे दोन फाशांइतकी इंच धावून केलेला हल्ला. सरासरी 21 इंचांचा पल्ला. शिवाय तो उडतो, त्यामुळे समोर नुसती रांग लावून भागत नाही. माणसं अशी पसरावी लागतात की रांगेमागे 1 इंच अंतर राखून त्याचा बेस (मूर्तीखालची चकती) टेकायला जागाच मिळू नये. पुढे पाच स्काउट्स (स्वस्तातलं हलकं पायदळ), त्यांच्यापासून निदान 5 इंच मागे मोलाचं युनिट, कारण तुकडी कापून झाली की तो आणखी 3 इंच सरकतो. दर टर्नला एक तुकडी जाते. फौज उभारताना चारशेच्या आगेमागे गुण मोजावे लागणाऱ्या राक्षसाने पाच स्काउट्स खाल्ले, तर तो सौदा मला चालतो.

तुमच्याकडे रणगाड्यांची फौज असेल आणि पुढे टाकायला पायदळ नसेल, तर तोफांचीच वाट धरावी लागेल, आणि ती चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. तरी तेव्हाही आधी एटबाउंड संपवा, अँग्रॉनला नंतर घ्या.

गेल्या डावात पाचव्या राउंडअखेर तो जिवंत होता, मधल्या ऑब्जेक्टिव्हवर (ताब्यात ठेवून गुण मिळवायच्या जागेवर) एकटा. कडेचे तिन्ही माझ्याकडे होते.