चेक गार्नेटचे दागिने : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी चाकणच्या मोटारकारखान्यातून चेक प्रजासत्ताकातील म्लादा बोलेस्लावला तीन महिन्यांसाठी जाणे झाले. मोटारींचे ते गाव आणि गार्नेट या लाल खड्याचे गाव म्हणून ओळखले जाणारे तुर्नोव ही दोन्ही प्रागहून निघणाऱ्या एकाच रेल्वेमार्गावर आहेत, त्यामुळे दागिने घेण्याचा मोह टाळणे अवघडच होते. आज माझ्याकडे या खड्याचे तीन दागिने आहेत : तुर्नोवमध्ये घेतलेल्या चांदीच्या कुड्या, प्रागच्या जुन्या भागातील एका दुकानातून घेतलेले सोन्याचा मुलामा दिलेले पेंडंट, आणि पुण्याला परतल्यावर घरबसल्या मागवलेली अंगठी. कुड्या आणि पेंडंट अकरा महिने, तर अंगठी सात महिने वापरात आहे. एवढ्या काळात खड्याने कुठेच निराश केले नाही. जे काही बिघडले, ते खड्याभोवतीच्या धातूत, मापात आणि पावतीवरच्या शब्दांत.

आधी खड्याविषयी. चेक गार्नेट म्हणजे पायरोप जातीचे गार्नेट. त्याचा विस्तवासारखा लाल रंग त्यातील क्रोमियममुळे येतो. पृथ्वीच्या पोटात खोलवर तयार झालेले हे खडे ज्वालामुखींच्या वाटेने वर आले, मूळ खडक झिजल्यावर गाळात आणि वाळूगोट्यांत उतरले, आणि चेक देशाच्या उत्तर बोहेमिया या भागात पोद्सेदिसे, त्रेबेनिसे या गावांच्या परिसरात शतकानुशतके वेचले गेले. मात्र ते आकाराने फार लहान असतात. पैलू पाडल्यावर पाच मिलिमीटरच्या वर भरणारा खडा दुर्मीळच. म्हणूनच तिथल्या पारंपरिक घडणीत दोन-तीन मिलिमीटरचे कितीतरी खडे एकमेकांना खेटून बसवतात आणि चांदीच्या बारीक दाण्यांनी त्यांना धरून ठेवतात. आईने कुड्या प्रथम पाहिल्या तेव्हा ‘एवढ्याशा खड्यांचे एवढे पैसे?’ असा प्रश्न तिने विचारला. त्याचे खरे उत्तर असे की पैसे जितके खड्याचे, तितकेच घडणावळीचे असतात. केवळ लाल गार्नेट हवे असेल, तर जयपूरला ते याहून पुष्कळ स्वस्त आणि आकाराने मोठे मिळते.

तुर्नोवला गेल्यावर मी थेट दुकानात न शिरता आधी तिथल्या संग्रहालयात दोन तास घालवले, आणि संपूर्ण खरेदीत माझ्या हातून झालेली शहाणपणाची गोष्ट बहुधा तेवढीच. जुने अस्सल दागिने जवळून पाहिल्यावर त्या लाल रंगाची ओळख डोळ्यांत पक्की बसते. त्यात जांभळी झाक नसते. या गावात रत्नकाम आणि दागिने घडवणे शिकवणारी शाळा १८८४ पासून आहे, आणि चेक गार्नेटचे उत्खनन ते तयार दागिना असे सगळे काम करणारी सहकारी संस्था १९५३ पासून. तिच्या दागिन्यांवर ‘जी’ या अक्षराची छाप असते, सोबत अस्सलपणाचे प्रमाणपत्र मिळते. मी घेतलेल्या कुड्यांवर ही छाप आहे. मध्ये एक खडा आणि भोवती आठ, म्हणजे आपल्या मोत्यांच्या कुड्यांचीच घडण. फक्त मोत्यांच्या जागी डाळिंबाचे दाणे. या खड्याचे नावही लॅटिनमधल्या डाळिंबाच्या शब्दावरूनच पडले आहे, हे मला नंतर कळले. चांदीवर ऱ्होडियम या न काळवंडणाऱ्या पांढऱ्या धातूचा थर असलेल्या या कुड्यांना सुमारे साडेपाच हजार कोरुना, म्हणजे आपले वीस-एकवीस हजार रुपये पडले.

पेंडंटची गोष्ट वेगळी. परतीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, दुकानातील पिवळ्या दिव्यांखाली ते घेतले. मधोमध आठ मिलिमीटरचा एकच मोठा खडा आणि कडेने बारीक खड्यांची दुहेरी ओळ. चेक गार्नेट एवढ्या आकाराचे सहसा नसते हे वाचलेले असूनही त्या वेळी ते आठवले नाही. पुण्यात आल्यावर दिवसाउजेडी मधला खडा कडेच्या खड्यांपेक्षा जांभळट वाटू लागला, म्हणून रत्नपरीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळेत दाखवला. मधला खडा अल्मंडाइन, म्हणजे गार्नेटच्याच कुळातील दुसरी जात, आणि कडेचे खडे पायरोप, असा निर्वाळा मिळाला. याला फसवणूक म्हणता येणार नाही. मोठ्या मध्यखड्यासाठी अल्मंडाइन वापरण्याची पद्धत तिकडे जुनीच आहे, आणि माझ्या पावतीवर ‘चेस्की ग्रानात’ (चेक गार्नेट) असे नव्हे, नुसते ‘ग्रानात’ असेच छापलेले होते. मी ते वाचले नव्हते, इतकेच. जो कोणी तिकडे खरेदीला जाईल त्याने दागिन्याआधी पावतीवरील हे दोन शब्द पाहावेत, आणि मोठ्या खड्याविषयी विक्रेत्याला स्पष्ट विचारावे.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. कुड्या मी आठवड्यातून तीन-चार दिवस कार्यालयातही घालते. तिथल्या पांढऱ्याशार दिव्यांखाली हे खडे जवळपास काळे दिसतात, आणि पहिल्या महिन्यात मला त्याचे वाईट वाटत असे. याउलट उन्हात, पिवळ्या बल्बच्या उजेडात किंवा लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणत्यांपुढे बसल्यावर त्यांच्यात जो निखारा जागा होतो, तो छायाचित्रात पकडणे मला तरी जमलेले नाही. खड्यांवर अद्याप एकही ओरखडा नाही. दहापर्यंतच्या मोह्स मापपट्टीवर त्यांचे काठिण्य सात ते साडेसात आहे, आणि आपल्या धुळीतील वाळूचे सात. त्यामुळे कोरड्या कापडाने खसाखसा पुसणे मी टाळते. रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रश बुडवून महिन्यातून एकदा मागच्या बाजूने साफ केले की पुरते. खेटून बसवलेल्या खड्यांच्या फटींत साबण आणि तेल साचते व त्यामुळेच चमक मंदावते. सराफाकडील ध्वनिलहरींच्या यंत्रात हे दागिने घालू नयेत, कारण त्या थरथरीत एखादा खडा ढिला होऊ शकतो.

मुलाम्याने मात्र आपल्या हवेपुढे हात टेकले. पेंडंटच्या मागच्या बाजूचा सोनेरी थर, जिथे तो गळ्याच्या घामाला लागतो, पाचव्या महिन्यापासून फिका पडू लागला, आणि पावसाळा संपेपर्यंत खालची चांदी डोकावून काळवंडलीही. थंड, कोरड्या प्रदेशात हाच मुलामा वर्षानुवर्षे टिकत असेल. पुण्यामुंबईच्या उकाड्यात रोज घालायचे असेल तर ऱ्होडियमचा थर असलेली चांदी घ्यावी किंवा सरळ चौदा कॅरटचे सोने. सोनेरी मुलामा देखणा असतो, परंतु तो सणासुदीपुरता ठेवावा. दुसरा त्रास असा की त्या पेंडंटच्या कडेचे दाणे सुती साडीच्या धाग्यांत अडकत असत. सातव्या महिन्यात असाच एक खडा निघून पडला तो सापडला नाही. रविवार पेठेतील कारागिराने त्याच्याजवळच्या गार्नेटांपैकी चार खडे लावून पाहिले, पण प्रत्येक खड्यात जांभळी झाक होती आणि ती शेजारच्या खड्यांत उठून दिसत होती.

घरबसल्या खरेदीचा हिशेब थोडक्यात सांगते. अंगठी मी चेकमधील एका विक्रेत्याकडून संकेतस्थळावरून मागवली. माल देशाबाहेर जाणार असल्याने त्याने २१ टक्के मूल्यवर्धित कर वजा केला, पण कुरियरचा खर्च आणि आपल्याकडील आयात शुल्क मिळून ती बचत पूर्ण गिळली गेली, वर थोडा भुर्दंडच पडला. तिकडे स्वतः खरेदी केली आणि एका दुकानातील एका दिवसाची खरेदी दोन हजार कोरुनांच्या वर गेली, तर याच कराचा काही भाग परत मिळतो. त्यासाठी दुकानातून अर्ज भरून घ्यावा लागतो आणि सामान विमानात देण्यापूर्वी त्यावर सीमाशुल्क अधिकाऱ्याचा शिक्का घ्यावा लागतो. घरबसल्या खरेदीतली खरी अडचण मात्र मापाची आहे. तिकडे अंगठीचे माप बोटाच्या घेराच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. मी सकाळी, थंडीत, दोऱ्याने बोट मोजले. उन्हाळ्यात फुगलेल्या बोटात अंगठी सांध्यापलीकडे जाईना. अर्ध्या घेरापर्यंत खडे असल्याने ती वाढवायला कारागीर नाखूश होता, कारण डाग देताना लागणारी आच खड्यांना नडू शकते. आता ती मी करंगळीच्या शेजारच्या बोटात घालते.

नातेवाइकांपैकी दोघांनी हे गोमेद आहे का आणि राहूसाठी चालेल का, असे विचारले. गोमेद हे गार्नेटच्याच कुळातील, पण मधाच्या रंगाचे. त्याचा आणि याचा संबंध दूरच्या चुलतभावाइतका. गुंतवणूक म्हणूनही याकडे पाहू नये : मोडीत देताना आपला सराफ खड्यांचे वजन वजा करून केवळ चांदीचा भाव देईल, मग प्रमाणपत्र कितीही सुबक असो.

कुड्या मी पुन्हा घेईन, तेवढ्याच किमतीला. पेंडंट सध्या डबीत आहे. पुढच्या महिन्यात आमच्या विभागातील एक जण बोलेस्लावला निघाला आहे. तुर्नोवहून सव्वादोन मिलिमीटरचा एक सुटा खडा मिळतो का, ते पाहायला मी त्याला सांगितले आहे.