टाक्यांना हात न लावता: सिझेरियननंतर तळपायाची रिफ्लेक्सॉलॉजी

दुसऱ्या सिझेरियननंतर मी कोल्हापुरात राजारामपुरीत माहेरी आले, तेव्हा घरात पहिला विषय निघाला तो मालिशीचा. पण टाके ओले असताना नेहमीच्या मावशींची अंग रगडून केलेली मालिश शक्य नव्हती, आणि कूस बदलताना, खोकताना, बाळाला पाजायला उठताना टाक्यांपाशी येणारी कळ तर सोसवत नव्हती. म्हणून माझ्या डॉक्टरांना विचारून, घरी येऊन तळपायाची रिफ्लेक्सॉलॉजी, म्हणजे शरीराच्या अवयवांशी जोडलेल्या मानलेल्या तळपायाच्या ठरावीक बिंदूंवर दाब देण्याची पद्धत, करणाऱ्या एका ताईंना एक दिवसाआड असे तीनदा बोलावले.

पहिल्या दिवशी पायाला हात लावण्याआधी त्यांनी दहा मिनिटे केवळ प्रश्न विचारले, आणि माझे पैसे खरे म्हणजे तिथेच वसूल झाले. “एकच पोटरी जास्त सुजली आहे का? तिथं गरम लागतं का? दाबलं की दुखतं का?” बाळंतपणानंतरचे सहा आठवडे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, सिझेरियननंतर तो आणखी जास्त असतो, आणि तशी शंका असलेला पाय चोळणे घातक ठरू शकते, तेव्हा थेट डॉक्टरांकडेच जायला हवे. माझ्या दोन्ही पायांची सूज सारखी आणि उतरती आहे, हे पाहूनच त्या कामाला बसल्या.

सत्र चाळीस मिनिटांचे होते. आमच्या आजी काशाच्या वाटीने तळपाय घाशीत, तो हात एकसारखा फिरे. इथे मात्र अंगठा टाचेकडून बोटांकडे सुरवंटासारखा सरकतो आणि ठरावीक जागी थांबून दाब देतो. घोट्याच्या आतल्या बाजूची जागा गर्भाशयाची, असे ताईंनी सांगितले. कळ नाहीशी झाली नाही, पण आवळून धरलेले खांदे सैल झाले, आणि त्या दुपारी मी सलग दोन तास झोपले. ओल्या बाळंतिणीला ही झोप किती मोलाची असते, हे वेगळे सांगायला नको.

कोणती जागा कोणत्या अवयवाची हे सांगणारा तळपायावरचा हा नकाशा युनिस इंगहॅम या अमेरिकन बाईंनी १९३०च्या दशकात रूढ केला. तळपायाचा एकेक बिंदू एकेका अवयवाशी जोडलेला असल्याचे शरीरशास्त्रात सिद्ध झालेले नाही. इराणमध्ये सिझेरियन झालेल्या स्त्रियांवर झालेल्या छोट्या अभ्यासांत वेदना कमी झाल्याची नोंद आहे, परंतु आपले पाय दाबले जात आहेत हे प्रत्येकीला कळतच असते, त्यामुळे निव्वळ विश्रांतीचा गुण किती, हे वेगळे काढणे अवघड जाते. म्हणूनच ताईंच्या पत्रकातले ‘वेदनाशामक गोळ्यांची गरज उरत नाही’ हे वाक्य मला अजिबात पटले नाही, आणि ते काढून टाकावे असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. डॉक्टरांनी स्तनपान लक्षात घेऊन दिलेल्या गोळ्या मी वेळेवर घेतच राहिले.

एका सत्राचे सहाशे रुपये अवाजवी वाटले नाहीत. ताई हात स्वच्छ धुऊन बसतात आणि बाळ रडले की न कुरकुरता थांबतात. चौथ्या सत्रासाठी मी त्यांना मंगळवारी, बाळाच्या दुपारच्या झोपेच्या वेळी बोलावले आहे.