रोझेशियाच्या पुळ्यांवर काय निवडावं: मेट्रोनिडॅझोल, आयव्हरमेक्टिन की अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड?

आधी आरशात नीट पाहा. गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाच्या मधोमध लाल पुळ्या आहेत, पण ब्लॅकहेड्स नाहीत. गरम चहा, तिखट रस्सा, ऊन किंवा गॅससमोरची धग लागली की चेहरा तापतो, चुणचुणतो. वय तिशीच्या पुढचं आहे. असं असेल तर रोझेशियाची, म्हणजे चेहऱ्यावर लाली आणि पुळ्या आणणाऱ्या दीर्घकाळ टिकणाऱ्या त्वचारोगाची, शंका घ्यायलाच हवी. सावळ्या त्वचेवर लाली तपकिरी-जांभळट छटेत लपते, त्यामुळे निदान चुकतं आणि वर्षानुवर्षं मुरुमांचीच औषधं लावली जातात. त्यातली बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि अ‍ॅडापलीन ही या त्वचेला बहुधा झोंबतात.

एक अपेक्षा सुरुवातीलाच बाजूला ठेवा. खालची तिन्ही औषधं पुळ्यांवर काम करतात, पण गालांवर दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या त्यांनी जात नाहीत. त्यासाठी लेझर लागतो.

मेट्रोनिडॅझोल ०.७५ टक्के जेल किंवा क्रीम दिवसातून दोनदा लावतात. तिन्हींत जुनं आणि सौम्य, सहसा स्वस्तही. पुळ्या थोड्या असतील आणि त्वचा कशानेही भडकत असेल, तर इथून सुरुवात करायला हरकत नाही. शक्यतो क्रीमच घ्या, कोरड्या त्वचेला जेल ओढल्यासारखं वाटतं.

आयव्हरमेक्टिन १ टक्का क्रीम दिवसातून एकदाच लावायचं. कपाळ, हनुवटी, नाक आणि दोन्ही गाल, प्रत्येक ठिकाणी वाटाण्याएवढं. त्वचेवर राहणारे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे रोझेशियात बरेच वाढलेले आढळतात. हे औषध त्यांना मारतं आणि दाहही कमी करतं. १६ आठवड्यांच्या थेट तुलनेत पुळ्या आयव्हरमेक्टिनने सुमारे ८३ टक्के, तर मेट्रोनिडॅझोलने सुमारे ७४ टक्के कमी झाल्या. पुळ्या भरपूर असतील तर आमचा कौल यालाच. गरोदरपणात मात्र टाळतात.

अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिडची गोष्ट वेगळी. रोझेशियासाठी १५ टक्के जेल दोनदा लावतात. ते मुरुमांवरही चालतं, बंद झालेली रंध्रं मोकळी करतं आणि पुळी गेल्यावर उरणारा काळा डाग फिका करतं. रोझेशिया आणि मुरुमं एकाच चेहऱ्यावर असतील, किंवा डागांचा त्रास पुळ्यांपेक्षा जास्त असेल, तर याच्या तोडीचं दुसरं नाही. गरोदरपणातही ते सुरक्षित मानलं जातं. त्याची किंमत म्हणजे चुणचुण: पहिले काही आठवडे लावल्यावर थोडा वेळ खाज आणि टोचणी जाणवते, आणि बरेच जण तिथेच ट्यूब टाकून देतात. उपाय आहे. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, कारण ओल्या त्वचेवर ते जास्त झोंबतं. आधी मॉइश्चरायझरचा पातळ थर, दहा मिनिटांनी वाटाण्याएवढं जेल. पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून, मग रोज रात्री, सोसलं तर सकाळीही. आग टिकून राहिली, त्वचा सोलायला लागली, तर थांबा.

कुठलंही घेतलंत तरी फरक दिसायला चार ते सहा आठवडे आणि पूर्ण परिणामाला तीन महिने लागतात. तीन आठवड्यांत औषध बदललं, की काय लागू पडतंय हे कधीच कळत नाही. दोन नव्या गोष्टी एकदम सुरू करणंही त्याच कारणाने घातक. पुळ्या गेल्यावर झटकन बंद केलं की त्या परत येतात. कमी कसं करायचं ते डॉक्टरांना विचारा.

बाकी काळजी थोडीच, पण रोज हवी. साबणाऐवजी सौम्य, बिनवासाचा क्लीन्झर आणि कोमट पाणी, दिवसातून दोनदा. टॉवेलने पुसताना घासू नका, टिपा. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ३० किंवा अधिक, चेहरा आणि मानेला दोन बोटांवर मावेल एवढं. लिंबू, टूथपेस्ट, स्क्रब आणि वाफ बंद. बेसनाचा लेपसुद्धा सुकल्यावर चोळून काढताना त्वचा खरवडतो, तोही नको.

मेडिकलवाल्याने दिलेल्या ‘गोरेपणाच्या’ ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन लिहिलंय का, ते जरूर वाचा. ही स्टेरॉइडं आहेत. आठवड्याभरात चेहरा स्वच्छ दिसतो, थांबवलं की लाली दुपटीने उसळते, आणि पुन्हा लावण्याचा मोह होतो. महिनोन्‌महिने लावलं असेल तर एकाएकी सोडू नका, त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली उतरवा.

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असेल, पापण्या सुजत असतील, तर रोझेशिया डोळ्यांपर्यंत पोचलेला असू शकतो. या तिन्ही क्रीमांचा तिथे उपयोग नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तिथे बहुधा पापण्यांचा शेक आणि डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या लागतात, ज्या गरोदरपणात घेता येत नाहीत.