सिल्की जातीच्या कोंबडीची उबवणीची अंडी, पंचवटी

पंचवटीतल्या या घरगुती पालकाकडची अंडी खात्रीने घ्यावीत. प्रत्येक नराचं खुराडं वेगळं, प्रत्येक पक्ष्याच्या पायात क्रमांकाची रिंग. तरी आईबाप डोळ्यांनी पाहाच: पायाला पाच बोटं, काळी कातडी, रेशमासारखी पिसं. चार बोटांचा पक्षी पैदाशीला नको. कोंबडा बदलल्यावर तीन आठवड्यांची अंडी ते उबवणीला देत नाहीत, हे फार मोलाचं. जुन्या नराचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं, आणि वंश नेमका तिथेच बिघडतो.

उणीव एकच, अंड्यांवर तारीख नसते. विचारून घ्या, सात दिवसांपुढची नकोत. आणल्यावर निमुळतं टोक खाली करून १२ तास ठेवा. मग पंख्याच्या उबवणी मशीनमध्ये ३७.५ अंश, २१ दिवस. शेवटचे तीन दिवस आर्द्रता ६५ टक्के. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात ती घसरली की पिल्लू आतल्या पापुद्र्याला चिकटून मरतं.