नऊ महिने, सोळा फेऱ्या: पायी पाहिलेलं माथेरान

जुलै ते मार्च या नऊ महिन्यांत मी माथेरानला सोळा वेळा गेले. बदलापूरला राहते, मंगळवारी सुट्टी असते आणि कर्जत लोकलने नेरळ तिसरंच स्टेशन, म्हणून जमलं. याआधी शाळेच्या सहलीत आणि लग्नानंतर एकदा गेले होते. दोन्ही वेळा घोड्यावरून आठ-दहा पॉइंट उरकले आणि घरी आल्यावर कुठला कोणता तेही आठवेना. या वेळी ठरवलं, एका खेपेला एकच वाट धरायची आणि ती पायीच.

नेरळहून शेअर टॅक्सी दस्तुरी नाक्यावर सोडते. पुढे खासगी गाड्यांना बंदी. प्रवेशकर भरला की बाजारपेठ साधारण अडीच किलोमीटर. छोट्या गाडीच्या रुळांच्या कडेने चाला, सावली असते आणि घोड्यांची वर्दळ कमी. आईला घेऊन गेले तेव्हा नाक्यावर एकाने छातीठोकपणे सांगितलं, "ताई, आज ट्रेन बंद आहे." तिच्या गुडघ्यांची काळजी होती, म्हणून मुकाट्याने घोड्याचे पैसे दिले. पाच मिनिटांनी झाडांतून शिट्टी ऐकू आली आणि शटल आमच्या समोरून गेली. आईला त्या गाडीत बसायचं होतं, याचंच जास्त वाईट वाटलं. तेव्हा नाक्यावर कोण काय सांगतो ते ऐकू नका, नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनच्या खिडकीवर स्वतः विचारा. १९०७ साली सुरू झालेली ही दोन फुटी रुळांची गाडी नेरळहून पावसाळ्यात बंद असते, पण अमन लॉज ते माथेरान शटल तेव्हाही चालते.

सगळ्यांत जास्त शिकवलं ते गारबेट पॉइंटच्या वाटेने. भिवपुरी रोडला उतरून डिकसळमार्गे चढायचं. सप्टेंबरात आम्ही तिघी गेलो. पठारावर पोहोचेपर्यंत कमरेएवढं गवत, दोन ओढे आणि समोर ढगात बुडालेला कडा. शेवटचा चढ जांभ्याचा. ओला जांभा वरून खडबडीत दिसतो, पण शेवाळ धरलं की साबणासारखा सटकतो. माझा पाय तिथेच गेला, कोपर सोलवटलं, आणि जुन्या बुटांचा तळ किती गुळगुळीत झालाय ते तेव्हा कळलं. पुढच्या आठवड्यात खोल खाचांचे बूट घेतले. तेच सगळ्या हंगामात कामी आले. जोरदार पाऊस असेल तर ही वाट नकोच, ओढे बघता बघता फुगतात.

थंडीत मात्र लुईझा पॉइंट. संध्याकाळी समोर प्रबळगड आधी तपकिरी, मग जांभळा होत जातो. गर्दी सूर्य बुडताच उठते. तुम्ही अर्धा तास थांबा, टॉर्च जवळ असू द्या. परतताना शार्लट तलावाशी मी एकदा शीळकरी कस्तूर हा पक्षी ऐकला. माणूसच शीळ घालतोय असं वाटून आम्ही मागे वळून पाहिलं होतं. हा तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्याचा आहे, त्यामुळे काठावर वेफर्सची पाकिटं टाकणाऱ्यांशी मी दोनदा वाद घातला आणि पुन्हाही घालीन.

मार्चच्या फेरीत अंजनी फुलली होती. फुलं पानांच्या टोकाला येत नाहीत, थेट फांदीच्या सालीला बिलगून येतात. निळ्या-जांभळ्या बारीक फुलांनी फांदी लोकरीत गुंडाळल्यासारखी झाली होती. खाली लाल मातीवर गळून पडलेला तोच रंग. घोड्यावरून जाताना हे दिसलं नसतं, कारण फांदी नेमकी माझ्या डोळ्यांसमोर होती.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. डिसेंबरपासून लाल धूळ आणि लीद मिळून घशाला त्रास होतो, रुमाल लागतोच. माकडं पिशवीची चेन उघडतात, त्यामुळे खाणं हातात घेऊन फिरू नका. शनिवार-रविवारी दस्तुरीच्या पार्किंगलाच दीड तास जातो. आणि हातरिक्षा. चढावर माणसं ओढणारा माणूस मला कधीच बघवला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, ते फार आधी व्हायला हवं होतं. त्या जागी येणाऱ्या ई-रिक्षा ओढणाऱ्यांच्याच हाती जाव्यात, एवढंच मला मनापासून वाटतं.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी सांगेन, ऑक्टोबरात आठवड्यातल्या मधल्या दिवशी जा, रात्री बाजारापासून लांब राहा आणि पहाटे पॅनोरमाला निघा. बाजारातून तासाभराहून जास्त चाल आहे, पण वाटेत क्वचितच कुणी भेटतं. माझी शिवाजीची शिडी अजून राहिली आहे. ही वाट वन ट्री हिलवरून उतरून चौक गावाकडे जाते. आता पाऊस ओसरला की तीच.