६० अँपिअरचा म्हणून २० अँपिअरचा चार्जर गळ्यात मारला : सांगलीत चार्जर घेणाऱ्यांनो, वाचा

आधी आकडा सांगतो, म्हणजे ज्यांना हसायचंय ते एकदाच हसून घेतील. २६,९५० रुपये. ट्रेलरच्या बॅटरीच्या चार्जरचे १४,५००, ‘लिथियम सेटिंग’चे १,२००, जळालेल्या फ्रीजच्या कार्डाचे ६,८००, एलईडी पट्ट्यांचे ९५० आणि बामणोलीत अंधारात बसलेल्या पाहुण्यांना परत दिलेले ३,५००. साताऱ्याहून सांगलीचं डिझेल आणि तासवड्याचा टोल यात धरलेला नाही. तो धरला की घरात वेगळाच विषय निघतो.

माझा कॅम्पिंगचा ट्रेलर आहे. बोलेरोच्या मागे लावतो आणि कास, बामणोली, तापोळा असा फिरवतो. घरच्यांना जायचं नसेल तेव्हा भाड्याने देतो. आधी त्यात १५० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीची साठवण) ट्यूबलर होती, म्हणजे इन्व्हर्टरला लावतात तसली लेड ॲसिड बॅटरी. पन्नास किलोच्या वरचं धूड, घाटात हिंदकळलं की ॲसिडचा वास. म्हणून १०० एएचच्या दोन लिथियम बॅटऱ्या पॅरलल जोडून घेतल्या.

लिथियमला जुना चार्जर चालत नाही, हे मला ठाऊक होतं. मुद्दाम लिहितोय, कारण नंतर ज्याने त्याने ‘माहिती न घेता कशाला गेलास?’ असं ऐकवलं. घेतली होती की माहिती! लिथियम फेरो फॉस्फेटचे चार सेल, प्रत्येकाला जास्तीत जास्त ३.६५ व्होल्ट, म्हणजे १४.६ च्या वर जायचं नाही. ट्यूबलरला अधूनमधून १५ च्या वर नेऊन ‘उकळी’ देतात, तो प्रकार इथे नको. आणि दोन्ही बॅटऱ्या मिळून २०० एएचची जी ‘बँक’ होते, तिला ६० अँपिअर सहज झेपतात. तिकडे डोंगरात पावसाळ्यात लाइट आली म्हणेपर्यंत जाते. असेल तेवढ्या वेळात बँक भरून घ्यायची तर चार्जर दांडगाच हवा. माझा हिशोब चोख होता. माल खोटा निघाला.

मोबाइलवर एक व्हिडिओ आला. ‘टेलिकॉम टॉवरचा इंपोर्टेड लिथियम चार्जर, ६० अँपिअर’, दुकान सांगलीत. फोन केला, गोड बोलला, गेलो. दुकानात बॅटरी जोडून दाखवली. डब्यावरच्या मीटरवर लाल आकडे : ५८. आता मला सांगा, समोर ५८ दिसताना कोणता माणूस म्हणेल की हा मीटरच खोटं बोलतोय?

आणि इथेच तो क्षण आला. अजून आठवला की झोप उडते.

डबा उचलून बघितला. मागे पाटी होती, ‘इनपुट २३० व्होल्ट, १.५ अँपिअर’. मी वाचलं. नुसतं वाचलं नाही, मोठ्याने विचारलं, ‘‘दीडच अँपिअर खेचतो?’’ तो हसला. ‘‘साहेब, ते स्टँडबायचं असतं. इंपोर्टेड मालाला तसंच लिहितात.’’ मी मान डोलावली. २३० गुणिले दीड म्हणजे ३४५ वॅट. १४.४ व्होल्टने भागा, २४ अँपिअर येतात, तेही एक वॅटसुद्धा वाया गेला नाही तर. ६० अँपिअर बाहेर काढायला साडेआठशेच्या वर वॅट लागतात, आत हजाराच्या आसपास जायला हवेत. सातवीच्या पोराचं गणित. पण दुकानात तीन माणसं आपल्याकडे बघत असतात, पंखा गरगरत असतो, चहा आलेला असतो. तिथे कोण कॅल्क्युलेटर काढतो? तुम्ही मात्र काढा. लाज बाजूला ठेवून काढा. आउटपुटचं स्टिकर कोणीही छापतो, इनपुटची पाटी बघा.

बिलाचं विचारलं तर म्हणाला, ‘‘पक्कं पाहिजे तर १८ टक्के जीएसटी, १७,११० होतील. कच्चं घ्या, १४,५००. वॉरंटी माझी जबानी.’’ हो, मी कच्चं घेतलं. २,६१० रुपये वाचत असताना पक्कं बिल मागणारे किती जण आहेत, त्यांनी हात वर करावेत. पैसे ज्या खात्यावर गेले त्याचं नाव दुकानाचं नव्हतं, कोणा भलत्याचंच होतं. ‘लिथियम सेटिंग’ म्हणून पोऱ्याने आत एक स्क्रू फिरवला, त्याचे १,२०० वेगळे.

सोबत दिलेली वायर अडीच एमएमची होती. ६० अँपिअरला अडीचची वायर! सोळाची हवी. तेव्हा मला वाटलं, कंजूषपणा असेल. कंजूषपणा कसला, त्या वायरीतून ६० कधी जाणारच नव्हते, हे त्याला पक्कं माहीत होतं.

बामणोलीत जनरेटरवर लावला. जनरेटरचा आवाज जराही बदलला नाही. मी उलट खूश, म्हटलं किती हलका चार्जर आहे! पहाटेपर्यंत बँक अर्धीसुद्धा भरली नव्हती. मग दिवसा लाइटवर लावून ठेवला, तेव्हा भरत आल्यावर कधीतरी त्याने ट्यूबलरवाली उकळी दिली. बॅटरीच्या आतल्या बीएमएसने (बॅटरी सांभाळणारं सर्किट) जीव वाचवायला लाइन तोडली, आणि चार्जरचं सगळं व्होल्टेज सरळ फ्रीजवर आणि दिव्यांवर आलं. फ्रीजमध्ये पाहुण्यांनी आणलेले मासे. पुढचं सांगत नाही.

साताऱ्यात आमच्या वायरमनने वायरीभोवती चिमट्यासारखा बसून अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. डब्यावर ५८, क्लॅम्पवर १९. (साधा क्लॅम्प मीटर घेऊ नका, तो फक्त एसी मोजतो. डीसी मोजणारा मागा, थोडा महाग असतो पण या फसवणुकीपेक्षा स्वस्त.) मग त्याने नखाने स्टिकरची कड उचलली. खाली जुनं स्टिकर : ‘१२ व्होल्ट, २० अँपिअर, लेड ॲसिड’. चोराने पुढचं स्टिकर बदललं, आतला मीटर फिरवला आणि मागची पाटी तशीच ठेवली. माझ्यासारखी माणसं ती वाचूनही पैसे देतात, हे तो ओळखून आहे.

आता साहेबांची गोष्ट. दुकानदार म्हणाला, ‘‘तुमच्या वायरिंगचा दोष.’’ नंतर फोन उचलणं बंद. साताऱ्यातल्या चौकीत गेलो तर, ‘‘व्यवहार सांगलीत झाला ना? तिकडे जा.’’ सांगलीत, ‘‘नुकसान तुमच्याकडे झालंय, तिकडेच द्या.’’ मी म्हटलं, नव्या कायद्यात कुठेही झीरो एफआयआर घेता येतो. त्यावर उत्तर, ‘‘काका, हा दिवाणी मामला आहे.’’ खोटं स्टिकर लावून माल विकणं दिवाणी? पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, आकडा बदलला म्हणून गुन्हा मिटला का? एकाने तर विचारलं, ‘‘खालचं स्टिकर तुम्हीच चिकटवलं नसेल कशावरून?’’ मी चार्जर विकत घेऊन, त्याला स्टिकर चिकटवून, स्वतःचा फ्रीज जाळून तुमच्या बाकड्यावर येऊन बसलोय, हा माझा धंदा आहे काय? दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात टेबलामागच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘ट्रेलर भाड्याने देता ना, मग तुम्ही ग्राहक नाही, व्यावसायिक.’’ तक्रारीची पोच मागितली तर शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या साहेबांकडे. एवढ्या सगळ्यांत डब्याची मागची पाटी बघायची तसदी एकानेही घेतली नाही. मी डबा पिशवीत घालून हिंडत होतो!

त्या ‘ग्राहक नाही’वर वकिलाकडे गेलो. त्याने सांगितलं : स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून करत असाल तर २०१९ च्या कायद्याने तुम्ही ग्राहकच. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, सांगलीला खेटे घालायची गरज नाही. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. हे मला कुठल्याच टेबलावर कोणी सांगितलं नाही. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, तिथे नोंद करून नंबर लिहून ठेवा.

माझी तक्रार साताऱ्यात दाखल होतेय. कच्ची चिठ्ठी, यूपीआयची नोंद, त्याचा व्हिडिओ, मीटरचे फोटो, सगळं जोडलंय. असाच काळा डबा, समोर लाल आकडे, मागे दीड अँपिअर, असा कोणाकडे असेल तर कळवा. एकाच कारणासाठी अनेकांना मिळूनही तक्रार करता येते. आणि स्टिकर घाईने सोलू नका. आधी दोन माणसं समोर उभी करा, मोबाइलवर शूटिंग चालू करा, मग सोला.