चिप एकच, वॉट तीन: १४ इंची पातळ गेमिंग लॅपटॉप घेण्यापूर्वी

भाच्याने तीन लॅपटॉपच्या लिंक पाठवल्या आणि खाली एवढंच लिहिलं, "मामा, तिन्हींत आरटीएक्स ४०७० आहे. मग सगळ्यात हलका घेतो ना?" तो अकोल्याचा. पुण्यात ॲनिमेशन शिकतो, हॉस्टेलवर राहतो, रोज बसने कॉलेजला जातो. रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा नेमबाजीचा खेळ चालतो, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर, म्हणजे अंतिम चित्रं तयार करण्याचं काम, लावून झोपायचं.

त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण हा गोंधळ त्याच्या एकट्याचा नाही. त्याने पाठवलेले तिन्ही लॅपटॉप २०२४ चे, १४ इंची: आसुसचा रॉग झेफिरस जी१४, रेझरचा ब्लेड १४ आणि एचपीचा ओमेन ट्रान्सेंड १४. तिघांतही आरटीएक्स ४०७० ही ग्राफिक्स चिप, म्हणजे खेळांची चित्रं काढणारी चिप, मिळते हे खरं. पण झेफिरसमध्ये त्या चिपला जास्तीत जास्त ९० वॉट मिळतात, ब्लेडमध्ये १४० आणि ओमेनमध्ये ६५. खोक्यावर नाव एकच, पोटात जाणारा घास वेगळा.

पूर्वी हा फरक नावातच कळायचा. २०१७ च्या कॉम्प्युटेक्स या संगणक प्रदर्शनात ही चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने मॅक्स-क्यू आणलं, आणि कमी वॉटवर चालणाऱ्या चिपच्या नावापुढे ते शब्द लागू लागले. आसुसचा पहिला झेफिरस त्याच वर्षीचा, मॅक्स-क्यू असलेल्या जीटीएक्स १०८० चा. २०२१ मध्ये लॅपटॉपसाठी आरटीएक्स ३० मालिका आली आणि नावापुढची ती शेपटी गेली. तेव्हापासून चिपला किती वॉट मिळतात हे तपशिलाच्या पानावर शोधावं लागतं. तिथे 'टीजीपी' किंवा 'कमाल ग्राफिक्स पॉवर' असं काहीतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मी चिपच्या नावाआधी तो आकडा बघतो.

वॉट निम्मे, म्हणून फ्रेम निम्म्या नाहीत

चिपचा वेग थोडा वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. त्यामुळे शेवटच्या थोड्या वेगासाठी भरमसाट वीज जाते. याची उलट बाजू आपल्या फायद्याची आहे. ओमेनला ब्लेडच्या निम्म्याहून कमी वॉट मिळतात, पण त्याच्या फ्रेम, म्हणजे खेळात दर सेकंदाला दिसणारी चित्रं, निम्म्यावर येत नाहीत. पातळ लॅपटॉप मुळात शक्य झाला तो याच हिशोबामुळे, आणि मला हे अभियांत्रिकीतलं खरंच सुंदर काम वाटतं. दीड किलोच्या यंत्रात, दप्तरात मावेल अशा जाडीत, मोठ्या पटलावरचे खेळ चालतात.

तरी ९० आणि ६५ मधला फरक हाताला जाणवतो. व्हॅलोरंटसारख्या हलक्या खेळात नाही, तिथे तिन्ही पुरून उरतात. सायबरपंक २०७७ सारखा जड खेळ लावला, किंवा तासभर रेंडर चालवला, की ओमेन आधी दमतो. तो बांधलाच आहे शांत चालण्यासाठी आणि टाईप-सी चार्जरसाठी. त्याचा १४० वॉटचा ॲडॅप्टर फोनच्या चार्जरसारख्या तारेने लागतो. ज्याचं काम दिवसभर संपादन, कोडिंग आणि संध्याकाळी तासभर खेळ असं आहे, त्याला ही सोय १०-१५ फ्रेमपेक्षा मोठी वाटू शकते, आणि ती मला पटते.

आता ४०७० की तिच्या खालच्या पायरीची ४०६०, कारण खरा पैसा इथे वाचतो. लॅपटॉपमधल्या ४०६० ला ८ जीबी ग्राफिक्स मेमरी आहे. ४०७० लाही ८ जीबीच. मेमरीचा रस्ता दोघांचाही १२८ बिटचा. डेस्कटॉपच्या ४०७० ला १२ जीबी आणि १९२ बिट मिळतात. ती वेगळीच चिप आहे, तिचे आकडे बघून लॅपटॉप घेऊ नका. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे छोटे गणक, नक्की जास्त आहेत, ३०७२ च्या जागी ४६०८. पण ९० वॉटांत एवढे कोअर पळवायचे तर प्रत्येकाला हळू पळावं लागतं. फरक पडतो, फक्त कोअरच्या संख्येवरून वाटतो तितका पडत नाही. आणि खेळाचे टेक्श्चर किंवा ब्लेंडरमधलं दृश्य ८ जीबीत मावलं नाही, तर दोघेही एकाच जागी अडखळतात. म्हणून पातळ लॅपटॉपमध्ये माझं मत ४०६० च्या बाजूचं आहे. उरलेले पैसे रॅममध्ये घाला.

डकवलेली रॅम

तिन्हींत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा फरक हा. झेफिरस आणि ओमेनमध्ये रॅम मदरबोर्डला सोल्डर केलेली आहे. १६ जीबी घेतली तर ती शेवटपर्यंत १६ च राहणार. ब्लेड १४ च्या २०२४ च्या मॉडेलमध्ये मात्र दोन स्लॉट आहेत. तळाचे स्क्रू काढायचे, जुन्या पट्ट्या काढायच्या, नव्या बसवायच्या.

कंपन्या हे निव्वळ लबाडीने करतात असं नाही. सोल्डर केलेली एलपीडीडीआर५एक्स रॅम स्लॉटमधल्या डीडीआर५ पेक्षा वेगवान असते, कमी वीज खाते आणि जागाही कमी घेते. झेफिरसचंच बघा. २०२३ च्या जी१४ मध्ये काही रॅम डकवलेली होती, पण सोबत एक स्लॉट होता. ग्राफिक्स चिपला १२५ वॉटपर्यंत मिळायचे आणि अगदी ४०९० सुद्धा निवडता यायचं. वजन १.६५ किलोच्या आसपास. २०२४ मध्ये तोच लॅपटॉप अखंड ॲल्युमिनियममध्ये आला, दीड किलोवर उतरला, ओएलईडी पटल मिळालं. त्या बदल्यात स्लॉट गेला, वॉट ९० वर आले आणि वरची मर्यादा ४०७० झाली. दीडशे ग्रॅम आणि एक देखणं पटल, यांची ही किंमत.

माझ्याकडे आधी एक पातळ लॅपटॉप होता, ८ जीबी डकवलेल्या रॅमचा. यंत्र धडधाकट होतं, बॅटरी बरी होती, कीबोर्ड अजून छान होता. पण तिसऱ्या वर्षी ब्राउजरच्या १० खिडक्या आणि एक फोटो एडिटर एवढ्यातच तो गुदमरायला लागला, आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. घरातल्या लहान मुलीला अभ्यासाला दिला. ते वाईट वाटणं अजून गेलेलं नाही. म्हणून सांगतो, रॅम सोल्डर केलेली असेल तर ३२ जीबीच घ्या. तेवढं बजेट नसेल तर ४०६० वरून ४०५० वर या, पण रॅम कमी करू नका.

एसएसडीची चिंता तेवढी नको. तिन्हींतली एसएसडी बदलता येते, आज १ टीबी घेऊन पुढे मोठी टाकता येईल.

एसीत घेतलेली चाचणी आणि अकोल्याचा मे महिना

यूट्यूबवरच्या बहुतेक चाचण्या गार खोलीत होतात. लॅपटॉपमधला पंखा उष्णता बाहेर टाकतो ती चिप आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या जोरावर. समजा चिप ८५ अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही. खोली २५ अंशांवर असेल तर हातात ६० अंशांचा फरक आहे. अकोल्यात मे महिन्यात दुपारी खोलीत ४० असेल तर उरतात ४५. म्हणजे तेच पंखे, उष्णता पसरवणारा तोच व्हेपर चेंबर ढोबळमानाने तीन-चतुर्थांशच उष्णता वाहून नेणार. बाकीची जबाबदारी चिपवर येते आणि ती आपला वेग कमी करते.

ही गोष्ट तिन्हींना लागू आहे, पण सारखी नाही. १४० वॉट मागणाऱ्या ब्लेडला गरम खोलीत पूर्ण वेग धरून ठेवणं सगळ्यात अवघड. विदर्भात किंवा मराठवाड्यात उन्हाळ्यात एसीशिवाय खेळणाऱ्याने १४० वॉटांचे पैसे मोजताना दोनदा विचार करावा. आणि ॲल्युमिनियमचं अंग ती उष्णता बोटांपर्यंत आणतं. खेळताना बोटं असतात त्या डब्ल्यू-ए-एस-डी बटणांच्या वरची पट्टी उन्हाळ्यात चांगलीच तापते. पुण्यात, विशेषतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हा प्रश्न जवळजवळ उरत नाही.

एक उपाय फुकट आहे: फ्रेमवर मर्यादा घाला. १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं दाखवणाऱ्या, पटलावर १८० फ्रेम काढण्यात वीज आणि पंख्याचा आवाज दोन्ही वाया जातात. झेफिरस घेतला तर जी-हेल्पर नावाचं छोटं, मोफत सॉफ्टवेअर बघा. पंख्याची गती आणि वॉट दोन्ही त्यात हाताने ठरवता येतात.

पटल, बॅटरी, वजन

झेफिरस आणि ओमेन दोघांतही १२० हर्ट्झचं, २८८० बाय १८०० चं ओएलईडी. काळा रंग खरोखर काळा, रंगकामाला उत्तम. ॲनिमेशनच्या विद्यार्थ्याला हे रोज उपयोगी पडेल. जोखीम एवढीच की टास्कबार किंवा सॉफ्टवेअरच्या पट्ट्या वर्षानुवर्षं एकाच जागी राहिल्या तर त्यांचा डाग उमटू शकतो. टास्कबार लपवा, गडद थीम ठेवा. ब्लेडचं पटल साधं आयपीएस, पण २४० हर्ट्झ. नेमबाजीचे खेळ गांभीर्याने खेळणाऱ्यांसाठी तेच योग्य.

बॅटरी तिघांतही साधारण सारखी: झेफिरस ७३ वॉट-तास, ओमेन ७१, ब्लेड ६८. विमानात परवानगीशिवाय १०० वॉट-तासांपर्यंत चालतं, म्हणजे तिन्ही बिनधास्त न्या. पण बॅटरीवर जड खेळ खेळायचा विचार सोडून द्या. ७३ वॉट-तासांतून ७० वॉट खेचले तर तासाभरात संपलं, आणि तेही मंद वेगाने.

वजनाचं म्हणाल तर झेफिरस १.५ किलो, ओमेन १.६४, ब्लेड १.८४. यात ॲडॅप्टर धरा. ब्लेडचा २३० वॉटचा, झेफिरसचा १८० चा. झेफिरस मात्र १०० वॉटच्या टाईप-सी चार्जरवरही चालतो, म्हणजे मोठा ॲडॅप्टर खोलीवर ठेवून छोटा कॉलेजला नेता येतो. रोज बसमध्ये उभं राहणाऱ्या मुलासाठी मी ही गोष्ट फार वर ठेवतो. लॅपटॉप टेबलावरून हलणारच नसेल, तर मात्र हे तिन्ही सोडून सोळा इंची, सव्वादोन-अडीच किलोचा जाड गेमिंग लॅपटॉप घ्या. तेवढ्याच पैशांत जास्त वॉट, रॅमचे दोन स्लॉट आणि मोठे पंखे मिळतील.

थांबावं का?

२०२५ ची आरटीएक्स ५० मालिका आली आहे, पण ५०६० आणि ५०७० च्या लॅपटॉप चिपलाही ८ जीबीच आहेत, फक्त मेमरी नव्या जातीची. १२ जीबी हवी तर ५०७० टीआय पर्यंत चढावं लागतं. आणि ब्लेड १४ च्या २०२५ च्या मॉडेलमध्ये रॅमही सोल्डर झाली, वजन १.६३ किलोवर आलं, वॉट ११५ झाले. स्लॉट असलेला, १४० वॉटचा ब्लेड हवा असेल तर तो २०२४ चाच. तो घेण्याआधी आपल्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का, हे मात्र आधी फोन करून विचारा.

भाच्याला मी झेफिरस सांगितला, ४०६० आणि ३२ जीबी जमेल तो. जमला नाही तर महिनाभर थांब म्हटलं. आणि लॅपटॉप हातात आल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत, एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडून सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये कमाल ग्राफिक्स पॉवर किती दाखवतंय याचा फोटो काढून मला पाठव, असंही बजावलं.